कौसल्याची आत्या आणि चिखलातले सर

धानाच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला की आजही माझा हात आपोआप पॅन्ट वर ओढायला जातो.

केशोरीत मी नवा मास्तर होतो. नववीतल्या कौसल्याला कादंबऱ्या वाचायला देत असे. त्यांत दबलेली मुलगी असायची आणि तिच्या पाठीशी उभी राहणारी एखादी मोठी बाई. त्या बाईच्या जागी मी स्वतःलाच बसवून टाकलं होतं. म्हणून तिच्या वडिलांनी शाळा सोडवायची ठरवल्यावर मी थेट त्यांच्या शेतात गेलो. "मुलींचं शिक्षण म्हणजे..." एवढं बोललो आणि बांधावरून घसरून चिखलात बसलो.

रोवणाऱ्या बाया खो खो हसल्या. कौसल्याची आत्या तेवढी हसली नाही. रोज दुपारी भाकर खाताना तिनं त्या सगळ्या कादंबऱ्या पोरीकडून वाचून घेतल्या होत्या. तिनं हातातली पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी खाली ठेवली. तशा सगळ्याच बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"भाऊ, पोरगी शाळेत जाईन का नाई? सांग, मंगच रोवतो," ती कौसल्याच्या वडिलांना म्हणाली.

"काऊन अडून राहिली वं? पऱ्हे सुकून राहिले ना!"

"मंग लवकर सांग."

उपटलेले पऱ्हे उन्हात मान टाकू लागले होते. भावानं त्यांच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "जाईन," तो पुटपुटला.

कौसल्या आता गोंदियाला कॉलेजात तशाच कादंबऱ्या शिकवते. परवा तिनं मला वर्गात बोलावलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या पाठीशी कोण होतं?" मी कॉलर नीट केली.

"माझी आत्या," कौसल्या म्हणाली. "सर तेव्हा चिखलात बसले होते. त्यांनाही आत्यानंच बाहेर काढलं."