एक छोटीशी तारीख

अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट करायची, ती साहेबांच्या दिशेनं थोडीशी उचलायची, शेजारणीकडे चहापुरती साखर मागताना करतात तसा चेहरा करायचा आणि म्हणायचं, "एक छोटीशी तारीख, साहेब." आमच्या नागपूरच्या दिवाणी कोर्टात ही चिमूट सगळ्यांच्या ओळखीची होती. काकाजी उठले की पुकारा करणारा शिपाई पुढच्या फाइलीला हात घालायचा.

काकाजी माझे सीनियर. नात्यागोत्याचे कोणी नव्हेत, पण आमच्याकडे माणूस वयानं मोठा आणि मनानं बरा दिसला की त्याचा काकाजी होतो आणि खरं नाव फक्त वकीलपत्रावर उरतं. लॉ कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी मोठमोठ्या ऑफिसांचे उंबरठे झिजवले, कोणी विचारलं नाही. काकाजींनी एकच प्रश्न विचारला, "तुले घाई तं नाही ना वं?" मी नाही म्हटलं. साफ खोटं. चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा मला दम निघत नाही.

तुम्ही कोर्टाची पायरी चढला असाल तर तारीख म्हणजे काय हे मी सांगायला नको. नसाल चढलात तर भाग्यवान आहात. आजचं काम आज न होता पुढच्या ज्या दिवशी ढकललं जातं, तो दिवस म्हणजे तारीख. बाकीचे वकील अडले की तारीख मागतात, काकाजी खास तारीख मागायलाच कोर्टात येत. त्यांना युक्तिवाद करताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाररूममधल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्यांनीही पाहिलं नव्हतं.

वर त्यांचं त्याबद्दल शास्त्र होतं. "भांडण ताजं असते तेव्हा त्याले हात लावू नये, पोळते. तारखा घेत राहा. एका भावाच्या पोरीचं लग्न निघते, दुसऱ्याचं ऑपरेशन निघते, मंग दोघं एका पंगतीत बसतात. जज काय करन त्याच्यापुढं?" आणि वैताग असा की पुष्कळदा खरोखर तसंच व्हायचं. पक्षकार काकाजींना पेढे देऊन जायचे आणि मी रात्रंदिवस राबून तयार केलेली टिपणं कपाटात जायची. पेढा खाताना ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मला त्यांची मान धरावीशी वाटायची.

मग कोर्टात कॉम्प्युटर आले आणि काकाजींच्या विद्येला ओहोटी लागली.

पहिलं गेलं ते 'दुसऱ्या कोर्टात अडकलो होतो'. आता कुठल्या कोर्टात काय चाललंय ते मोबाइलवर कोणालाही दिसतं. आमच्या नव्या जजमॅडम तरुण, चष्मेवाल्या, टायपिंगला तर नुसत्या वीज. त्यांनी स्क्रीनकडे पाहून सांगितलं, "वकीलसाहेब, त्या कोर्टात आज तुमची एकही केस नाही." मग 'फाइल घरी राहिली' गेलं. "राहू द्या, इथं सगळी स्कॅन झालेली आहे. कितवं पान दाखवू?" शेवटी तब्येतही गेली. "घरून व्हिडिओवर या. पडल्या पडल्या बोललात तरी चालेल." त्यात तारखेचे मेसेज थेट पक्षकारांच्या मोबाइलवर जायला लागले. ज्यांनी आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं ते फोन करून म्हणू लागले, "काकाजी, पुन्हा तारीख? काहून?"

"हे बाई माणसाले बिमारही पडू देत नाही वं," काकाजी बाहेर येऊन मला म्हणाले. खरोखर दुखावले होते बिचारे.

आता मंदाबाईंचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं. महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि भिंतभर टांगलेले ब्लाऊज. नवरा गेल्यावर त्याच मशीनवर त्यांनी दोन पोरी शिकवल्या. घरमालकाला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. त्यानं दावा लावला की दुकान कायम बंद असतं, ही बाई जागा वापरतच नाही, सबब खाली करून द्यावी. दावा हरलो की मंदाबाईंचं मशीन रस्त्यावर. हा दावा काकाजींनी वर्षानुवर्षं नुसत्या तारखांवर थोपवून धरला होता.

नव्या मॅडमनी तो धूळ झटकून सुनावणीच्या बोर्डावर घेतला. एप्रिल महिना, बाहेर नागपूरचं ऊन. पुकारा झाला, काकाजींचा पत्ता नाही. मी उठणार तेवढ्यात भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांचं कपाळ दिसलं. मोबाइल कसा धरायचा ते मी त्यांना दहादा शिकवलं होतं, पण पडद्यावर कायम कपाळच यायचं. "मॅडम," कपाळ म्हणालं, "मी गावी, खाप्याला आलो होतो. परतीची बस बंद पडली. एक छोटीशी—"

तेवढ्यात त्या पडद्यातून गोड आवाज आला, "पुढील स्थानक, सीताबर्डी. दरवाजे डावीकडे उघडतील."

उन्हाळ्यात काकाजींना मेट्रोचा फार लळा. तिकीट काढायचं आणि थंडगार डब्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे. हे मला माहीत होतं, पण ते डब्यातूनच कोर्टाला हजर होतील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"वकीलसाहेब," मॅडम म्हणाल्या, "खाप्याला मेट्रो केव्हा गेली?"

कपाळावर आठी पडली. मग म्हणालं, "प्रस्तावित आहे, मॅडम."

शिपाई तोंड दाबून बाहेर पळाला. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पण हसू काही पुसलं गेलं नाही. मग आवाज कडक करून त्यांनी हुकूम लिहिला की सोमवारी अंतिम युक्तिवाद, वकिलांनी स्वतः कोर्टात यावं, नाहीतर त्यांच्याशिवाय निकाल दिला जाईल.

सोमवारी समोरच्या बाजूनं एक तरुण वकील उभा राहिला. हातात टॅबलेट, मनगटावर चकाकतं घड्याळ, बोलणं नळाच्या धारेसारखं. आपल्या म्हणण्याला त्यानं वरच्या कोर्टाचा एक निवाडा दाखवला आणि तो आमच्या दाव्याला असा चपखल होता की मी माझी टिपणं मिटून ठेवली. मॅडमनी तो आपल्या कॉम्प्युटरवर शोधला. पुन्हा शोधला. "या क्रमांकावर तर जकात नाक्याचं प्रकरण आहे," त्या म्हणाल्या.

पोरगा टॅबलेटवर घाईघाईनं काहीतरी विचारू लागला. मी शेजारीच बसले होते, मला दिसलं. ज्या ॲपनं त्याला तो निवाडा लिहून दिला होता, ते आता म्हणत होतं, क्षमस्व, असा निवाडा बहुधा अस्तित्वात नाही. यंत्र माफी मागून मोकळं झालं. पोरगा मात्र उभाच. घामानं कॉलर भिजली. कसाबसा म्हणाला, "मॅडम... एक तारीख मिळेल का?"

मॅडम काकाजींकडे वळल्या. "तुमची हरकत असेल तर मी तारीख देणार नाही. आत्ता निकाल देते."

निकाल कोणाच्या बाजूनं लागणार हे दाराशी उभ्या शिपायालाही कळत होतं. मी टेबलाखालून काकाजींचा कोट ओढला. मागच्या बाकावर मंदाबाई पदर मुठीत धरून बसल्या होत्या. काकाजी उठले, त्या पोराच्या हातांकडे त्यांनी पाहिलं आणि सवयीनं चिमूट उचलली.

"हरकत नाही, मॅडम. छोटीशी देऊन द्या."

बाहेर आल्यावर मी कोर्ट पाहिलं नाही, माणसं पाहिली नाहीत, सरळ ओरडले. "काकाजी, काहून? हातात आलेली केस होती!"

"हात थरथर कापून राहिले होते वं त्याचे," काकाजी म्हणाले. "माह्या पहिल्या केसमध्ये मी असाच उभा होतो. जीभ टाळूले चिकटली. साहेबानं समोरच्या बुढ्या वकिलाले विचारलं, हरकत? तो म्हणाला, नाही. तेवढ्या एका तारखेवर मी वकील राहिलो. नाहीतर त्याच दिवशी खाप्याले परत, बापाच्या किराणा दुकानात."

"मग ते उपकार आपल्या पदरचं देऊन फेडा ना. मंदाबाईंच्या पदरचं काहून?"

मंदाबाई मागे येऊन उभ्या होत्या. आवाज न चढवता त्या बोलल्या. "तुम्हाले वाटते, तारखा घेऊन तुम्ही मले वाचवून राहिले. दर तारखेच्या आधी आठ-आठ दिवस माह्या डोळ्याले डोळा लागत नाही, काकाजी. मले तारीख नको होती. मले झोप पाहिजे." एवढं बोलून त्या चपला घालून निघून गेल्या.

काकाजी मंदाबाईंच्या पाठीकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बाररूममध्ये नव्हते. तिसऱ्या दिवशीही नाही. मेट्रोत असतील म्हणून मी फोन केला, तर मागून मशीनची खडखड. "मंदाच्या दुकानात बसून राहिलो," ते म्हणाले.

"तिथं काय करून राहिले?"

"दुकान बंद असते म्हणते ना मालक? पाहून राहिलो. आणि हूक लावून राहिलो. रिकामं बसलं तं ही बाई स्टूलावरून उठवते."

नेमलेल्या दिवशी काकाजी इस्त्रीचा कोट घालून आले. दोन्ही हात खिशात. चिमूट बाहेर येऊ नये म्हणून, हे मला कळलं. घरमालकही आला होता आणि निकाल ऐकायला म्हणून मालकीणबाई नवी साडी नेसून त्याच्या शेजारी बसल्या होत्या. पोरानं या वेळी आपला युक्तिवाद पुस्तकं आणून, साधा आणि सरळ केला. मग काकाजी उठले. "मॅडम, एक छोटी—" जीभ आपल्या रस्त्यानं निघालीच होती. मी असा काही चिमटा काढला की त्यांनी तिथेच ब्रेक मारला.

"एक छोटासा प्रश्न आहे," ते म्हणाले. "दुकान बंद असते, असं मालकाचं म्हणणं. मी तिथं रोज बसलो. माझ्यासमोर शेजारच्या बाया आल्या, शाळेच्या मास्तरीणबाई आल्या, आणि मालकीणबाईही आल्या. आज घातलाय तो ब्लाऊज मंगळवारी शिवायला टाकला, शनिवारी नेला. त्याचे हूक मी लावले, मॅडम. दुकान बंद आहे तर मग हा शिवला कुठं?"

घरमालकानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे. मॅडम म्हणाल्या, वकिलानं स्वतः साक्ष देणं कायद्यात बसत नाही, हे मी पुराव्यात धरू शकत नाही. पण तोवर मालकीणबाईंनाच राहवलं नाही. "मंग कुठं शिवू? बाकीचे सारे बाही बिघडवतात!" त्या सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा बोलल्या.

हशा थांबायला वेळ लागला. तो पोरगा घरमालकाला कोपऱ्यात घेऊन गेला. मालकीणबाईही गेल्या, आणि तिथं काय बोलल्या देव जाणे, घरमालक मान खाली घालून परत आला. पोरगा म्हणाला, "मॅडम, आम्ही तडजोडीला तयार आहोत. दुकान यांच्याकडेच राहील. फक्त कागद करायला एक तारीख द्यावी."

मॅडमनी विचारलं, "काकाजी, हरकत?" त्यासुद्धा त्यांना काकाजीच म्हणाल्या.

काकाजींनी वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. हात खिशातून बाहेर आले. चिमूट नव्हती. "हरकत आहे, मॅडम. त्या बाईले आज झोप पाहिजे. आत्ताच लिहून घ्या."

काकाजींनी कोणाच्या तारखेला हरकत घेतल्याचं आमच्या कोर्टानं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कागद झाला. मंदाबाईंकडून दुसऱ्या दिवशी डबाभर कोथिंबिरीच्या सांबारवड्या आल्या आणि काकाजींनी त्यातली एकसुद्धा मला दिली नाही.

तो पोरगा आता माझा मित्र आहे. ॲप वापरतो, मीही वापरते, पण दोघंही आधी पुस्तक उघडून बघतो. परवा एका लॉ कॉलेजात मला तंत्रज्ञान आणि वकिली या विषयावर बोलायला बोलावलं होतं. पोरांनी विचारलं, मॅडम, आमची कामं राहतील ना? मी त्यांना मेट्रोची गोष्ट सांगितली. हसून हसून लोळली सगळी.

काकाजी दिवाळीनंतर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आयुष्यभर सगळं पुढे ढकलणाऱ्या माणसानं हे एवढं काम इतक्या घाईनं का उरकावं, याचा मला अजून राग येतो.

पुढच्या सोमवारी त्यांची एक केस बोर्डावर होती. त्यांच्या नावाचा पुकारा झाला आणि कोणी उठलं नाही. समोरच्या बाजूला तोच पोरगा होता. मॅडम स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "तारीख देते. तुमची हरकत?"

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "फक्त छोटीशी नको. मोठी द्या."

मी कोर्टाबाहेर येऊन डोळे पुसत होते, तोच काकूंचा फोन आला. काकाजींचा मोबाइल त्या अजून चार्ज करून ठेवतात आणि कोर्टाचा मेसेज अजून त्याच नंबरवर जातो.

"वं पोरी, ह्यांले तारीख आली," काकू म्हणाल्या. "पार उन्हाळ्यातली दिली. एवढी मोठी तारीख जिंदगीत कधी भेटली नव्हती गं त्यांले."