मालकानेच नेलेली मोटार

वर्ध्याच्या ठाण्यातली ती सकाळ अजूनही माझ्या मनातून जात नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. हजेरी नुकतीच आटोपली होती, तोच नाचणगावचा एक तरुण कापड व्यापारी घाबऱ्याघुबऱ्या आत आला.

"साहेब, मोटार चोरीले गेली. कापूस बाजारासमोर उभी करून आत गेलतो."

मोटार त्याची नव्हती. वर्ध्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियरकडून त्याने ती वर्षाच्या कराराने भाड्याने घेतली होती. ऑइल, ग्रीसिंग, टायर व्यापाऱ्याने पाहायचं. इंजिनाचं किंवा ब्रेकचं मोठं काम निघालं तर मालकाने. गाडी हरवली तर जबाबदार व्यापारीच. त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

गुन्हा नोंदवून पंचनामा केला. जागेवर काचेचा तुकडाही नव्हता. गाडी किल्लीने उघडून नेली, हे उघड होतं.

दुपारी गिरडहून खबर आली. दर्ग्याच्या डोंगराखाली फुलं विकणाऱ्याने आमच्या शिपायाला सांगितलं होतं, "सकाळपासून एक म्हातारा गाडीत नुसता बसून हाय."

तो म्हातारा म्हणजे गाडीचे मालक, ते ओव्हरसियरच होते. त्यांना ठाण्यात आणलं.

"गाडी माहीच हाय," ते म्हणाले.

करार चालू असताना न सांगता गाडी नेली तर मालकावरही चोरीचा गुन्हा होतो, हे मी समजावलं. मग विचारलं, "त्या व्यापाऱ्याने ऑइल बदललं नव्हतं का?"

"बदललं होतं."

"टायर?"

"तेही बरे हायेत."

खोटं बोलणारा माणूस उत्तर लांबवतो. हे तर स्वतःविरुद्धच बोलत होते. मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला.

चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "बाजारात गाडी दिसली, म्हणून वाकून आत पाह्यलं. सीटवर माह्या घरवालीनं शिवलेले गिलाफ होते. ते काढून यानं रेक्झिन लावलं. दरसाल आम्ही दोघं गिरडले जात होतो. ती गेल्यावर मी गेलोच नाई. दुसरी किल्ली खिशात होती. मले वाटलं, गाडीत तिची बसायची जागा तरी हाय तोवर एकदा जाऊन यावं."

व्यापारी दाराशी उभा होता. तो पुढे आला. "काका, गिलाफ फाटून राह्यले होते. देखभालीतलंच काम समजलो मी. फेकले नाईत. आईनं धुऊन पेटीत ठेवले हायेत."

दुसऱ्या दिवशी त्याने ते गाठोड्यात बांधून आणून दिले. म्हाताऱ्यांनी गाठोडं उघडलं नाही, नुसतं मांडीवर धरून बसले. व्यापाऱ्याने तडजोड केली आणि न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटलं.

वस्तू कुणाच्या ताब्यात होती, हे आम्ही पोलीस आधी विचारतो. त्या दिवसापासून, त्या वस्तूत कुणाचं काय राहिलं आहे, हेही मी विचारू लागलो.

माझी पत्नी शाळेत शिकवायची, सायकलने घरी येताना फाटकाशी घंटी वाजवायची. ती गेल्यावर तिची सायकल मी शेजारच्या नव्या शिक्षिकेला वापरायला दिली. हवा-तेलाबद्दल काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "बाई, शाळेतून येताना आमच्या फाटकाशी घंटी वाजवत जा."