रंगकामाचे दहा दिवस

आफ्रिकेत जाऊन पहिल्यांदा काय पाहिलंत, असं लोक विचारतात. मी हत्ती म्हणून सांगतो. खरं उत्तर उशी असं आहे. ओकावांगोच्या पाणथळीतल्या त्या कॅम्पवर आम्हाला जो तंबू मिळाला, त्यात पलंगावर सहा उशा होत्या. समोर पाणी, पाण्यात उंच लव्हाळं, लांबवर पाणघोड्यांचं डुरकणं, आणि मी चौसष्ट वर्षांचा माणूस त्या उशांकडे बघत उभा.

तंबू म्हणायचा तो नावाला. लाकडी चौथरा, जाडजूड कापडाच्या भिंती, आत पितळी नळांचा टब. आमची मुलगी जोहान्सबर्गला नोकरी करते. तिने आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाचं निमित्त काढून सगळं परस्पर ठरवून टाकलं. "बाबा, तुम्ही दोघं किती थकलायत ते तुम्हाला दिसत नाही. नाही म्हणू नका." नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. ते आमच्यात नव्हतं.

आमची आई अठ्ठ्याऐंशीची. सहा वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते, पण उठवायला माणूस लागतो. रात्रीतून तीनदा लागतो. तिच्यासाठी ठेवलेल्या बायका टिकत नाहीत, कारण चाळीस वर्षं तिने कसब्यातल्या शाळेत शिकवलं आणि चुका काढायची सवय पेन्शनबरोबर घरी आणली. तेव्हा करणारे आम्ही दोघंच. बायकोची कंबर गेली, माझी झोप गेली. तक्रार कोणाकडे करायची? तिने मुद्दाम थोडंच काही केलं होतं?

दहा दिवस तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. वाघोलीला एक वृद्धाश्रम आहे, थोड्या दिवसांसाठीही ठेवून घेतात. आईला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. घरात रंगकाम काढलंय, वासाने तुला खोकला होईल, असं सांगितलं. "दहाव्या दिवशी सकाळी न्यायला येतो. शब्द देतो."

"कुठला रंग देतोयस?"

"पांढरा."

"पांढरा मळतो," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली.

नातेवाइकांना कटात घेणं भाग होतं. फोनवर आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे, त्यात आईसुद्धा आहे. म्हणून भाच्याने दुसरा ग्रुप काढला. माणसं तीच, वर गणपतीचं चित्रही तेच, फक्त आई नाही. सत्तावीस माणसं एका म्हातारीपासून एक सहल लपवत होती, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

कॅम्पवर विश्रांती असेल असा माझा समज होता. पण तिथे साडेपाचला चहा घेऊन माणूस दारात हजर. जुलै, म्हणजे तिकडचा हिवाळा. उघड्या गाडीत बसलो की वारं कानात शिरायचं. पहिल्या सकाळी गाडीवाल्या वाटाड्याने माझ्या मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. सहा वर्षं रोज संध्याकाळी आईच्या गुडघ्यांसाठी तशी पिशवी मी भरतोय. इथे कोणीतरी ती माझ्यासाठी भरून आणली होती. झाडाखाली सिंहीण बसली होती म्हणे. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे मला ती नीट दिसली नाही.

वाटाड्या मनापासून सांगत होता. इथे आत्ता पाऊस नाही तरी पूर आहे, हे पाणी अंगोलातल्या डोंगरांवरून महिनोन्महिने वाहत येतं. दर मे महिन्यात खडकवासल्यात किती पाणी उरलं यावर तावातावाने बोलणारा माणूस मी. एरवी त्याला पन्नास प्रश्न विचारून हैराण केलं असतं. दोन विचारले आणि पुढचा विचारायचा कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आमच्या चौथऱ्यापाशी एक हत्ती आला आणि निवांत पाला ओरबाडत उभा राहिला. बायकोने आतून माझा फोटो काढला, पुढे मी, मागे हत्ती. इंटरनेट फक्त मुख्य बैठकीच्या तंबूत मिळायचं. तिथे जाऊन मी फोटो ग्रुपवर टाकला आणि फोन खिशात ठेवून संध्याकाळच्या फेरीला गेलो. परत आलो तर आईचा आवाजी निरोप आलेला होता. गणपती बघून मी ग्रुप उघडला होता, आणि गणपती दोन्हीकडे होता.

मी तिथेच निरोप लावला. फोन कानाला लावायचंही सुचलं नाही, त्यामुळे तिचा आवाज सगळ्या तंबूभर ऐकू गेला. "अरे, भिंतीवरचा हत्ती बघितला. छान काढलाय. रंगाऱ्याला म्हणावं, सोंड जरा लांब झालीय. आणि मफलर गुंडाळ, गळा उघडा दिसतोय तुझा."

बायको आधी खुदकन हसली. मग तिने तोंडाला रुमाल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वृद्धाश्रमात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी बऱ्या हायेत. पन फोनवर येत न्हाईत. म्हनत्यात, रंगाचं काम चालू द्या, मधी बोलायला नको." मी थँक यू म्हणालो आणि फोन ठेवला. पुढ्यात कोणीतरी केक आणून ठेवला. तो मी खाल्ला, हेही लिहून टाकतो.

त्या दुपारी मी एक ते चार झोपलो. पुण्यात या झोपेची थट्टा होते. पण सहा वर्षांत मला ती मिळालीच नव्हती, कारण दुपारी आईला बाथरूमला न्यावं लागतं. जाग आली तेव्हा कापडाच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा पडला होता, कोणी हाक मारत नव्हतं, आणि मला स्वच्छ कळलं की तिला घरी आणायची माझी इच्छा नाही. स्वतःचीच भीती वाटली. तरी तोंडातून निघून गेलं, "तिला परत आणायला नको वाटतंय मला."

बायको शाल घेऊन बाहेर खुर्चीत बसली होती. तिने मान वळवली नाही. "हे तुम्ही बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "मी बोलले असते, तर ते सुनेचं बोलणं झालं असतं."

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. उरलेल्या फेऱ्या केल्या, निमुळत्या होडीतून हिंडलो, गुडघाभर पाण्यातून उड्या मारत जाणारी तांबूस हरणं पाहिली. प्रत्येक वेळी "वा!" मीच आधी म्हणत होतो.

दहाव्या दिवशी सकाळी वाघोलीला निघालो. एकटाच. नगर रस्त्यावर तास गेला, आणि प्रत्येक सिग्नलला मी तेच वाक्य घोकत होतो. आई, अजून महिनाभर राहा, मी दर रविवारी येईन. आई आठपासून तयार होऊन बसलीय, असं बाईंनी दारातच सांगितलं. इस्त्रीचं पातळ, हातात घड्याळ, मांडीवर भरलेली पिशवी. मी उंबऱ्यात उभा राहिलो. घोकलेलं वाक्य बोलवेना, आणि "चल" हेही तोंडातून निघेना.

"इकडे ये," ती म्हणाली. "खिडकीपाशी. उजेडात."

मी गेलो. तिने माझी हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे वळवून पाहिलं.

"डोळ्यांखालचं काळं गेलंय."

"हो."

"झोप लागते?"

"लागते."

तिने मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. "मग राहू दे. पुढच्या महिन्यात बघू."

मी "असं कसं, आई" म्हणायला हवं होतं. निदान एकदा. पाहुण्याला पोळी वाढतानासुद्धा आपण दोनदा आग्रह करतो. मी "बरं" म्हणालो, आणि तेही तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत.

मग मी खाली बसून पिशवी उघडली आणि तिची पातळं एकेक करून कपाटात लावायला लागलो. जुलैही अजून संपला नव्हता. ती पलंगावरून सांगत होती, "रोजची खाली. निळं वर ठेव, ते दिवाळीत लागेल."