मेलेली नाही, थकलीय

आमच्या ह्यांच्या मोटारसायकलची बॅटरी मेली त्याला बरीच वर्षं झाली. ही बातमी साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त ह्यांना नाही. ह्यांच्या मते ती थकली आहे. "मेलेली नाही गं, थकलीय," असं ते ज्या मायेने म्हणतात, त्या मायेने माझ्याबद्दल कधी काही बोलले असतील तर मला आठवत नाही. मी थकले तर "पंख्याखाली बस जरा," एवढ्यावर माझी बोळवण होते.

हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. कोणाला जवळचं दिसत नाही, कोणाला लांबचं. डॉक्टरने लिहून दिलेल्या नंबराबरहुकूम काच घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. हात इतका सफाईदार की अवघड काम असलं की मालक दुसऱ्या कोणाकडे देतच नाहीत. दिवसभर जगाच्या दिसण्याची सोय करून संध्याकाळी घरी येताना हे स्वतःची नजर मात्र दुकानातच ठेवून येतात, असा माझा जुना संशय आहे. मी भिंतीला नवा रंग लावून घेतला तेव्हा चौथ्या की पाचव्या दिवशी म्हणाले, "इथे काहीतरी वेगळं वाटतंय, कॅलेंडर हलवलंस का?"

माणूस वाईट नाही. फक्त एकदा घरात आणलेली वस्तू टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं. दांडा तुटलेल्या छत्र्या, आवाज बसलेला रेडिओ, एका कुलपाच्या तीन किल्ल्या आणि कुलूप नाहीच, असा सगळा संसार आमच्या माळ्यावर सुखाने नांदतो. त्यात बॅटरीची गोष्ट आणखी नाजूक. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने एकदा चार लोकांत तोंड उघडलं, "काका, आता नवी टाका. हिच्यात काही राम नाही." ह्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ही बॅटरी तुझ्या गॅरेजपेक्षा जास्त टिकेल. शब्द तोंडातून गेला तो गेला. त्या दिवसापासून नवी बॅटरी म्हणजे ह्यांच्या नाकाचा प्रश्न झाला.

मग उपचार सुरू झाले. बॅटरी रोज संध्याकाळी खालून वर यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात चार्जरला लागायची. मिक्सरचा प्लग तिने बळकावला, त्यामुळे मी चटण्या पाट्यावर वाटायला शिकले. थंडीत तिला ह्यांचा जुना स्वेटर, एरवी गच्चीवरचं ऊन. एकदा गच्चीत तिच्याखाली माझ्या उशीचा अभ्रा घातला होता, तो ॲसिडने चाळणीसारखा करून परत मिळाला. शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का? रोज कोणाला तरी उचलून जिने चढतात उतरतात." मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

किक तर केव्हाच मारून मारून निकामी झालेली. त्यामुळे गाडी सुरू करायची एकच रीत उरली: उतार. आमचं घर चढावर आहे हे किती मोठं भाग्य, ते ह्यांच्याकडून ऐकावं. आमचा दातांचा डॉक्टर त्याच्या हातगुणावर निवडलेला नाही, त्याच्या दवाखान्यासमोर उतार आहे म्हणून निवडलाय. सपाट रस्त्यावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे आमचं जाणंयेणं हळूहळू कमी झालं, आणि माझ्या सख्ख्या मावसबहिणीला अजून वाटतं की मी शिष्ट आहे.

आणि जिथे उतार नसेल तिथे मी. हे हेल्मेट घालून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून राजासारखे बसणार आणि मी मागून ढकलणार. इंजिनाने एकदा धर धरली, म्हणजे ते सुरू झालं, की थांबायचं नाही, हा पहिला नियम. थांबलं की बंद, बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे वळणावर वेग जरा कमी करणार आणि मी धावत जाऊन चालत्या गाडीवर उडी मारून बसणार. चाळिशी ओलांडलेली बाई हातात पिशवी घेऊन हे करते तेव्हा बघणाऱ्यांची करमणूक होते. माझीही झाली असती, मी बघणाऱ्यांत असते तर.

आता माझं सांगते. मी वाचनालयात पुस्तकं बांधते. सुटलेली पानं शिवणं, नवे पुठ्ठे घालणं, कण्यावर नाव चिकटवणं. कितीतरी वर्षं हंगामी म्हणून चाललं. मग वरून हुकूम आला की शाळेची शेवटची परीक्षा पास असेल तिलाच कायम करणार, नसेल तिची जागा ह्या वर्षानंतर दुसऱ्याला. माझं बाकी सगळं झालेलं होतं, गणित तेवढं शाळेत असताना राहिलं ते राहिलंच. पुस्तकांच्या त्या खोलीवर माझा जीव आहे. खळीचा वास हाताला नाही लागला तर दिवस गेल्यासारखा वाटत नाही. म्हणून फॉर्म भरला आणि ह्यांना सांगितलं. हे चार्जरच्या वायरी पुसत होते. म्हणाले, "बघ."

बघ. ह्या माणसाने बॅटरीच्या तब्येतीवर तासन्‌तास बोलावं आणि माझ्या नोकरीच्या जिवावर बेतलेल्या परीक्षेबद्दल दोन अक्षरं. मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर गणितं सोडवायला बसायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चार्जरचा लाल दिवा. हे अधूनमधून आत यायचे, वाकून बॅटरीला हात लावून बघायचे, थोडा वेळ रेंगाळायचे आणि निघून जायचे. मला एकच हवं होतं. त्यांनी एकदा म्हणावं, तुला जमेल. मला खरंच जमेल की नाही ते मला माहीत नव्हतं, म्हणून कोणीतरी म्हणायला हवं होतं. आणि कोणीतरी म्हणजे काय, ह्यांनीच. एकदा डोळे भरून आले होते तेव्हाही हे आत आले. बॅटरीला हात लावला, म्हणाले, "कोमट आहे," आणि गेले. त्या रात्रीची भाजी मी मुद्दाम अळणी केली. त्यांना कळलं नाही.

पेपरच्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर आमच्या उतारावर पाइपासाठी आडवा चर खणलेला. मी म्हटलं, "मी बसने जाते."

"मी रजा कशाला काढलीय?" हे म्हणाले. "मागच्या गल्लीतून काढू. तू ढकल, वळणावर उडी मारून बस. नेहमीसारखं."

रजा काढलीय हे मला तेव्हा कळलं. जरा बरं वाटलं, म्हणून ढकलायला तयार झाले. पॅड आणि कंपासपेटीची पिशवी गळ्यात अडकवली आणि लावला जोर. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडीने धर धरली. हे निघाले, मी मागून धावले. वळणावर त्यांनी वेगही कमी केला. पण माझी चप्पल सटकली. ती घालायला मी क्षणभर वाकले आणि नेमकी तेव्हाच गाडी गतिरोधकावरून गेली. मागचं चाक दणकन आपटलं. हे समजले, बायको बसली. इतकी वर्षं मला मागे बसवून हिंडले, पण मी आणि गतिरोधक ह्यांतला फरक त्यांच्या पाठीला कळला नाही. वेग वाढवून गेले ते गेले.

मी हाका मारल्या. हेल्मेटमधल्या माणसाला काय ऐकू येणार? क्षणभर वाटलं, संपलं सगळं. मग संताप आला, आणि संतापाने माझ्या पायांत इतकं बळ आलं की सुटणारी बस मी पकडली.

मोठ्या चौकात सिग्नलला बस थांबली. खिडकीतून बघते तर खाली हे. गाडी न्यूट्रलवर, उजव्या हाताने रेस वाढवताहेत, आणि मान जराशी मागे वळवून बोलताहेत. मागची सीट रिकामी. बोलताहेत तेही एखादं वाक्य नाही, चांगलं सविस्तर. एवढं बोलताना मी त्यांना फक्त मेकॅनिकशी बघितलंय. शेजारी सायकलवर आमच्या गल्लीतले शिंपीमामा एक पाय टेकवून उभे. मग ह्यांनी डावा हात मागे नेला आणि सीटवर, जिथे माझा गुडघा असायला हवा होता तिथे, दोनदा थोपटलं.

मी काच सरकवून हाक मारू शकले असते. तोंडही उघडलं होतं. पण नुसती बघत राहिले. रस्त्यात चारचौघांत माझ्या गुडघ्यावर हात ठेवणारा हा माणूस मी आजवर बघितलेला नव्हता. सिग्नल सुटला, बस पुढे गेली.

वर्गात शिरताना पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबा." मी प्रवेशपत्र दाखवलं. पेपर लिहिला. मधे एक गणित अडलं तेव्हा मला सीटवर थोपटणारा तो हात दिसत होता, आणि त्यामुळे गणित सुटलं असं नाही, पण मी उठून गेले नाही.

बाहेर आले तर हे फाटकाशी, गाडी बंद, चेहरा पडलेला. "तू कुठे उतरलीस?" म्हणाले.

"मी बसलेच नव्हते."

त्यांनी आधी सीटकडे बघितलं. मग म्हणाले, "पोचलीस ना वेळेवर? झालं तर." आणि हेल्मेट घातलं. मी ढकललं. ते काय बोलत होते ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

निकाल लागला. काठावर, पण पास. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" नव्हतं म्हटलं, पण जाऊ दे. कायमच्या नोकरीवर जायचं म्हणून नवे कपडे शिवायला टाकले होते, ते आणायला शिंपीमामांकडे गेले. मामा कापडाची घडी घालता घालता घुटमळले.

"वहिनी, एक विचारू? दादांची तब्येत बरी आहे ना? त्या दिवशी सिग्नलला एकटेच बोलत होते."

"काय बोलत होते?" मी म्हटलं.

"मला पाठच झालंय हो. म्हणाले, अजिबात घाबरायचं नाही. मी रोज बॅटरी बघायच्या निमित्ताने येऊन तुझी गणितं बघून जातो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तू खोडून पुन्हा मांडतेस ते कळतं. आपल्या घरात डोकं एकच आहे आणि ते आत्ता माझ्या मागे बसलंय." मामांनी कात्री खाली ठेवली. "मी मागे बघितलं तर कोणीच नाही. सांगणार होतो. मग म्हटलं, माणूस इतकं चांगलं बोलतोय, कशाला मधे अडवायचं?"

कपडे न तपासताच मी घरी आले. हे बॅटरीत पाणी भरत बसले होते. मी समोर बसले आणि विचारलं, "त्या दिवशी सिग्नलला मला काय सांगत होतात?"

हे कानापर्यंत लाल झाले. "सांगितलं ना तेव्हा."

"मी नव्हते."

"मग त्याला मी काय करू?" ते म्हणाले, आणि आणखी खाली वाकून बॅटरीची झाकणं घट्ट करू लागले.

दुसऱ्या दिवशी कायमच्या नोकरीचा माझा पहिला दिवस. ह्यांनी गाडी मागच्या गल्लीत आणली. मी नवे कपडे सांभाळत ढकललं, गाडीने धर धरली. वळणावर ह्यांनी वेग कमी केला. मी धावले नाही. गतिरोधकावर मागचं चाक दणकन आपटलं आणि हे समाधानाने पुढे निघाले. थोडं जाताच मान जराशी मागे वळलेली मला दिसली.

मी सावकाश बसथांब्याकडे वळले. शिंपीमामा त्या वेळेला सिग्नलला असतातच. हे काही बोलले असतील तर संध्याकाळी मामांकडून कळेल.