पानियोचा उजवा कान

समजा, तुम्ही एका रेस्टॉरंटात जेवायला बसला आहात. समोर केळीच्या पानावर कोळशावर भाजलेली कोंबडी आहे, गवती चहाचा वास नाकात गेलाय आणि भूकही सडकून लागली आहे. पण हात लावायचा नाही. आधी फोन काढायचा. कोंबडीचा फोटो हल्ली सगळेच काढतात, त्यात काही अवघड नाही. त्यानंतर काउंटरमागच्या माणसाचा काढायचा, छातीवरची नावाची पट्टी वाचता येईल असा. मग भिंतीवरचं घड्याळ, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली, हात धुवायची जागा, तिथला साबण. आणि हे सगळं उरकताना तुम्ही कोण आहात याचा कोणाला सुगावा लागता कामा नये. जमेल? आता त्यात एक भर घाला. समोर तुमचा नवरा बसलाय आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून म्हणतोय, "या, बसा जेवायला."

लुदिविनाला हे जमत होतं. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात अशी गुप्त गिऱ्हाइकं फार नव्हती, आणि होती ती एकमेकांना ओळखत नव्हती. मनिलाची एक कंपनी तिला काम द्यायची: अमुक ठिकाणी जा, जेवा, फोटो पाठवा, प्रश्नांची उत्तरं लिहा. जेवणाचे पैसे कंपनीचे. लुदिविनानं सगळं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात घालवलं होतं. कापड हातात घेतलं की शिलाई कुठे उसवलीय ते तिला न शोधता दिसायचं. तीच नजर आता रेस्टॉरंटांवर फिरत होती. टेबल पुसलंय पण टेबलाची कड पुसली नाही, हे तिच्या लगेच ध्यानात यायचं.

नवऱ्याला ती सोबत न्यायची ती आडोसा म्हणून. बाई एकटी जेवायला बसली की इलोइलोत चार जण विचारतात, घरी काही झालं का? आणि एकटी बसून काउंटरचा फोटो काढला तर विचारायलाच नको. म्हणून एपिफानियोला, म्हणजे पानियोला, ती बरोबर जागेवर बसवायची. "हस बघू," म्हणायची आणि फोन किंचित डावीकडे सरकवायची. पानियो हसायचा. फोटोत यायचा काउंटर, नावाची पट्टी, घड्याळ, आणि कडेला पानियोचा उजवा कान. त्या कानाची वरची कड थोडी तुटलेली होती. लहानपणी एका झुंजीच्या कोंबड्यानं तिथे नखी मारली होती.

मनिलात तिचं काम बघणारी ग्रेचेन नावाची मुलगी होती. तिनं एकदा फोनवर विचारलं होतं, "मॅम, हा कान कोणाचा आहे? प्रत्येक रेस्टॉरंटात हा माणूस असतो." लुदिविनानं खरं सांगितलं तेव्हा ग्रेचेन खूप हसली आणि म्हणाली, पुढच्या वेळी कान कापून पाठवा.

पानियोला यातलं अर्धंच ठाऊक होतं. मनिलाच्या लोकांना आपल्याकडचं जेवण बघायचं असतं, म्हणून मी फोटो पाठवते, एवढं लुदिविनानं सांगितलं होतं. जास्त सांगायची सोय नव्हती, कारण पानियोच्या पोटात गोष्ट राहत नसे. त्यानं त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. अधूनमधून तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "मनिलात कसा वाटला माझा फोटो?" ती म्हणायची, "आवडला." हेही खोटं नव्हतं.

पानियोनं जन्मभर शहरातल्या जारो ते ला पाझ मार्गावर जीपनी, म्हणजे मागे दोन लांब बाकं असलेली शेअर गाडी, चालवली होती. पॅसेंजर मागच्या बाकांवर, हा पुढे. भाडं मागून हातोहात पुढे यायचं आणि हा मान न वळवता उजवा तळवा खांद्यावरून मागे करायचा. लोकांचे चेहरे त्याला माहीत होते ते आरशातले. पुढे जुन्या जीपन्या बंद होत गेल्या, त्याचीही गेली. तेव्हापासून तो खिडकीपाशी बसून रेडिओ ऐकायचा, तोही कमी आवाजात. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. सकाळी "कॉफी झाली का" आणि संध्याकाळी "दार लावलं का", बस. मग लुदिविनाला हे काम मिळालं, आणि पहिल्याच रेस्टॉरंटात पानियोनं शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला जेवायला बोलावलं. त्यांच्याशी तो पावसाबद्दल, टायरांबद्दल, कोंबड्यांबद्दल बोलत सुटला. घरी परतताना रिक्षातही बोलतच होता. लुदिविना ऐकत राहिली.

त्यामुळे या कामातला एक नियम तिच्या छातीवर दगडासारखा होता. तिथल्या माणसांनी तुम्हाला ओळखलं, तर ती भेट बाद आणि तुमचं नावही बाद. नाव बाद झालं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, पण ती सावरली असती. पानियो पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसला असता.

आणि तरीही त्या बोलावण्यापासून ती त्याला अडवू शकत नव्हती. कोणाच्या देखत घास तोंडात घालायचा तर आधी त्याला "ये, जेवू" म्हणायचं, ही इथली रीत. ऐकणाऱ्यानं म्हणायचं, "चालू द्या, पोट भरलंय," भले पोटात कावळे ओरडत असोत. बोलावणं मनापासून असतं, पण कोणी बसायचं नसतं. निदान पहिल्या बोलावण्याला तरी नाहीच. त्यामुळे पानियोनं कितीही जणांना बोलावलं तरी धोका नव्हता. सगळे हसायचे, पोटावर हात ठेवायचे, पुढे जायचे.

त्या रविवारचं काम मांदुर्रियाओ भागातल्या एका नव्या रेस्टॉरंटात होतं. कोळशावरची कोंबडी, भात हवा तितका. मनिलाला नेहमीच्या फोटोंशिवाय आणखी एक हवा होता: भर गर्दीत मॅनेजर टेबलांमधून फिरतोय, लोकांची विचारपूस करतोय, असा. मॅनेजर ऑफिसात बसून राहतो अशी तिकडे शंका होती म्हणे.

लुदिविनानं पानियोला भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे सगळं दालन त्याच्या पाठीमागे आणि तिच्या समोर. कोंबडीचा फोटो झाला. काउंटरचा झाला. हात धुवायला जाऊन रिकाम्या साबणदाणीचा झाला. वाढणाऱ्या मुलीनं, सांडलेला भात उचलणाऱ्या पोऱ्याला झापलं, पण इलोइलोचा माणूस भांडला तरी अंगाई गातोय असंच वाटतं, म्हणून 'कर्मचाऱ्यांचा आवाज प्रेमळ होता का' या प्रश्नाला लुदिविनाला दर वेळी 'हो' लिहावं लागायचं. पानियोनं भातावर कोंबडीचं पिवळं तेल ओतून घेतलं आणि तो हातानं कालवायला लागला.

मग मॅनेजर बाहेर आला. तिशी ओलांडलेला, रुंद कपाळाचा, शर्टाच्या काखा घामानं भिजलेल्या. पट्टीवर नाव रेनांते. तो खरोखरच टेबलांमधून फिरत होता, एका म्हातारीला खुर्ची ओढून देत होता. लुदिविनानं फोन उचलला. "हस बघू, पानियो." तो हसला. तिनं बटण दाबलं तेवढ्यात मध्ये भाताची परात आली. दुसऱ्यांदा दाबणार तर मॅनेजर सरळ त्यांच्याच टेबलाकडे येत होता, पानियोच्या पाठीमागून. जवळ येता येता तो थांबला. क्षणभर खाली बघत राहिला.

पानियोला मागे कोणीतरी उभं राहिल्याचं कळलं. त्यानं सवयीनं, मान न वळवता, तेलकट तळवा खांद्यावरून मागे केला आणि म्हणाला, "ये तोतो, जेवून घे."

तोतो म्हणजे लहान भाऊ, कोणालाही म्हणतात तसं. आता मॅनेजरनं पोटावर हात ठेवून हसायचं होतं.

त्यानं खुर्ची ओढली आणि तो बसला.

लुदिविनानं फोन टेबलावर पालथा ठेवला. पानियोला काय करावं सुचेना. जन्मभर लोकांना बोलावणाऱ्या माणसाकडे पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर आलं होतं. मग तो भानावर आला आणि त्यानं आपल्यापुढची कोंबडीची तंगडी उचलून त्याच्यापुढे ठेवली. मॅनेजरनं शेजारच्या रिकाम्या टेबलावरची ताटली घेतली, त्यात भात वाढून घेतला, मिरच्या घातलेल्या व्हिनेगरमध्ये कोंबडी बुडवली आणि सकाळपासून उपाशी असलेला माणूस जेवतो तसा तो जेवला. वाढणारी मुलगी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसायचं नाही हा नियम तिला माहीत होता. लुदिविनालाही माहीत होता, कारण त्यावर एक प्रश्न होता.

पानियो विचारत होता, घर कुठे, लग्न झालं का, कोंबडीला कोळसा कुठला वापरता. मॅनेजर घासागणिक उत्तरं देत होता. घर जारोला. लग्न झालंय, मुलगी आहे. कोळसा नारळाच्या करवंटीचा. "मग तू माझ्या गाडीत बसलेला असणार," पानियो म्हणाला. मॅनेजर हसला. "जारोचा कोण नाही बसला, नोंग? सगळे कोणाच्या ना कोणाच्या गाडीत बसलेच आहेत." नोंग म्हणजे मोठा भाऊ, तेही कोणालाही म्हणतात.

मग तो लुदिविनाकडे वळला आणि तिला मोठ्या बहिणीसारखं मानांग म्हणाला. "मानांग, मघापासून बघतोय, तुम्ही यांचेच फोटो काढताय. तुमचा कोण काढणार? द्या इकडे फोन."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. कुठली बायको नाही म्हणेल? तिनं फोन दिला. शेवटच्या फोटोचं बारीक चित्र पडद्याच्या कोपऱ्यात होतं. ते भाताच्या परातीचं होतं, पण बोट सरकवून त्यानं आधीची रिकामी साबणदाणीही पाहिली का, हे तिला पुढे कितीही आठवून पाहिलं तरी सांगता आलं नाही. मॅनेजर उभा राहिला, म्हणाला जवळ सरका, अजून जवळ, नोंग, मान इकडे. फोटो काढला. मग तो पडद्याकडे बघत राहिला, फोटो नीट आलाय का हे बघायला लागतो त्याहून जरासा जास्त वेळ. फोन परत देताना त्यानं दोन्ही हातांनी दिला.

रिकामी ताटली उचलून निघताना तो पानियोच्या खांद्यामागे वाकला आणि हळूच म्हणाला, "लुगार लांग, नोंग."

इलोइलोत जीपनीतून उतरायचं असलं की मागून ड्रायव्हरला हेच सांगतात. बस, इथेच थांबवा. थट्टेतही म्हणतात, वर्गातून उठताना, पत्त्याचा डाव सोडताना. पण पानियोचा पाय टेबलाखाली ब्रेकवर दाबला गेल्यासारखा हलला, ते लुदिविनानं पाहिलं.

घरी पोहोचेपर्यंत पानियोची खात्री पटली होती. "माझाच पॅसेंजर. शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसायचा. आरशात बघितला असता तर तिथेच सांगितलं असतं. माझ्या मागच्या बाकावर बसून बसून माझा कान त्याला पाठ असणार. मागून आला आणि कान बघून थांबला. म्हणून तर बसला."

"तू बोलावलंस म्हणून बसला असेल," लुदिविना म्हणाली.

"पहिल्या बोलावण्याला कोण बसतं?"

पण तिच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होता. टेबलावरून उठल्यावर मॅनेजरनं ती साबणदाणी भरून घेतली होती का? तिनं बघितलं नव्हतं. मॅनेजरनं तिला ओळखलं असेल, तर असं नियम मोडून समोर बसून कशाला जेवेल? आणि ओळखलं नसेल, तर पडद्याकडे एवढा वेळ काय बघत होता?

तिनं काहीही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रेचेनला फोन करून सगळं सांगितलं, तंगडीसकट. ती मनिलाची असली तरी रीत तिलाही ठाऊक होती.

"पहिल्याच बोलावण्याला बसला, मॅम?"

"पहिल्याच."

"त्यानं म्हटलं का, की तुम्ही कंपनीच्या आहात?"

"नाही."

"मग प्रश्न काय आहे ते वाचा. कोणी ओळखल्याचं बोलून दाखवलं का, असा आहे. त्याचं उत्तर 'नाही' आहे. आणि बसला, तर 'बसला' लिहा. तुम्ही बोलावलं होतं, हेही लिहा."

लुदिविनानं तसंच लिहिलं. मॅनेजर टेबलांमधून फिरत होता का: हो. गिऱ्हाइकाजवळ बसला का: हो, माझ्या नवऱ्यानं जेवायला बोलावलं म्हणून. साबणदाणी रिकामी होती. मॅनेजरच्या फोटोच्या जागी भाताची परात आणि परातीच्या वर त्याचं कपाळ आलं होतं, तेच पाठवलं. भेट बाद झाली नाही. पुढच्या आठवड्याचं काम आलं, मोलोजवळच्या सूपच्या दुकानाचं, आणि पानियोनं आदल्या संध्याकाळीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

मॅनेजरनं काढलेला फोटो तिनं छापून घेऊन खिडकीपाशी लावला. त्यात पानियो पूर्ण आहे, दोन्ही कानांसकट, आणि कोपऱ्यात मॅनेजरच्या अंगठ्याची धूसर कड. पानियो रेडिओ लावतो तेव्हा तो फोटो त्याच्या डोक्याशी असतो. शेजारीपाजारी आले की तो त्यांना सांगतो, हा माझ्या पॅसेंजरनं काढलाय.

कंपनीच्या नियमानं त्या रेस्टॉरंटात लुदिविनाला आता वर्षभर जाता येणार नाही. आणि गेली तरी विचारणार काय? विचारलं, की ती कोण आहे हे सांगितल्यासारखंच होईल. पण फोटोवरची धूळ पुसताना दर वेळी तिचा हात त्या अंगठ्यापाशी थांबतो. त्या माणसानं त्या दुपारी ओळखलं होतं ते नक्की कोणाला, पानियोला की तिला?