दुसरा ठिपका

माणसांबद्दल घड्याळजींचं मत फारसं बरं नव्हतं, आणि दिव्यावर झेपावणारे पतंग जमवणाऱ्या माणसांबद्दल तर नव्हतंच नव्हतं. चाळीस वर्षं घड्याळं उघडून त्यांनी एवढंच ताडलं होतं की लोकांना साधी किल्लीसुद्धा धड देता येत नाही. अशा लोकांनी बागेत दिव्याचा सापळा लावून नखाएवढे पतंग पकडावेत आणि वर त्यांची नावं ठरवावीत, म्हणजे कमालच होती.

दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून ते पतंग मंडळाच्या यादीचे तपासनीस होते. सभासदांनी सापळ्यातला नग डबीत घालून पाठवायचा, घड्याळजींनी भिंगाखाली धरून हो किंवा नाही म्हणायचं. हो ते क्वचितच म्हणत, आणि या वर्षी तर एकदाही नाही. "घासलेला नग. अमान्य." लाल शाईत एवढंच. फारच भडकले तर खाली, "डोळे आहेत की बटणं?"

ही तपासनिशी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ती गेली असती तर ते घरात नुसते सुनेचे सासरे उरले असते. टेबलावर आता तीन दिवे लागत, भिंगही दोनदा बदलून झालं होतं. "हल्लीचे दिवेच पाणचट," ते सुनेला सुनवायचे. शेवटी त्या बिचारीने चौथा आणला.

सगळ्यात जास्त राग शिवणवालीवर. कपडे शिवून पोट भरणारी ही बाई त्यांच्याच हाताखाली पतंग ओळखायला शिकलेली, आणि उन्हाळ्यापासून तिने दोनठिपकी या दुर्मिळ पतंगाचे पाच नग पाठवले होते! एकठिपकी पैशाला पासरी. पंखाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढा दुसरा ठिपका असला तरच ती दोनठिपकी. आजवर या भागात ती एकाच माणसाला सापडली होती, खुद्द घड्याळजींना. पाचही वेळा त्यांना दुसरा ठिपका दिसला नाही. "बटणं लावते तशी पतंगाला ठिपके लावते," असं ते मंडळात म्हणाले आणि लोक हसलेही.

मग तिची सहावी डबी आली. आत जुनाट नग, गंजलेली टाचणी, चिठ्ठी नाही. घड्याळजींनी नाक मुरडलं, चारही दिवे जवळ ओढले आणि लिहिलं, "एकठिपकी. पुन्हा पाठवू नये."

दोन दिवसांनी सकाळीच शिवणवाली दारात उभी.

"काका, तो सहावा नग माझा नव्हता. तुमचा होता."

"माझा?"

"वीस वर्षांपूर्वी तुम्हीच दिला होतात, दोनठिपकीचा नमुना म्हणून. मी फक्त चिठ्ठी काढून घेतली."

तिने चिठ्ठी पुढे केली. अक्षर त्यांचंच, मुंगीएवढं. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली आणि वाचल्यासारखं करून खाली ठेवली.

आता एवढंच म्हणायचं होतं, की मला दिसत नाही. पण तेवढी हिंमत या माणसात कधीच नव्हती. होता तो नुसता ताठा.

"तेव्हा मी चुकलो," ते म्हणाले. "नवशिका होतो. उतावळा, तुझ्यासारखाच."

"अहो काका, ठिपका ढळढळीत दिसतोय!"

"मला शिकवू नकोस."

त्यांनी यादीची वही उघडली. आयुष्यात एकच गोष्ट खरी कमावली होती, तीही हा म्हातारा आपला हेका राखायला खोडायला निघाला होता. पट्टी लावून त्यांनी ठसठशीत लाल रेघ ओढली.

"झालं. दोनठिपकी या भागात नाही. माझीही नाही आणि तुझीही नाही."

शिवणवालीने वाकून पाहिलं. दोनठिपकीची ओळ जशीच्या तशी होती. रेघ दोन ओळी खाली, भलत्याच पतंगावर पडली होती. भांडायला म्हणून ती रस्ताभर जे घोकत आली होती, ते सगळं तिने सोडून दिलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "कुठलं नाव खोडलंत? वाचून दाखवा बरं."

घड्याळजींनी वही नाकाशी नेली. मग एकेक करून चारही दिवे तिच्याकडे वळवले, वर्षानुवर्षं धरलेलं लाल पेन टोपण लावून वहीवर ठेवलं आणि वही पुढे सरकवली.

"तूच वाच," ते म्हणाले.