भरून द्यायची बरणी

बरणी हातात आली की काकू आधी ती उजेडाकडे धरायच्या. एक डोळा मिटून दुसऱ्याने तळापर्यंत पाहायच्या, मग काठावर नखाने टिचकी मारून कान द्यायच्या. आवाज मनासारखा आला की म्हणायच्या, "चांगल्या घरची हाय." बरणी जामची असो, मधाची असो, की कुणाच्या मुलाने पुण्याहून आणलेल्या कॉफीची, तिचं घराणं त्या आवाजावरून ठरवत.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. त्यांच्याकडे पाहून आपण गालात हसतो आणि पुढे निघून जातो. आमच्या परंड्याच्या घरासमोर या काकू राहायच्या, एकट्याच. लेक कुर्डुवाडीला दिलेली. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून त्यांच्यासाठी 'सर'. माझी बायको शालिनी त्यांना काकू म्हणायची, म्हणून माझ्याही त्या काकू.

तरुणपणी त्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला होत्या. तेव्हा पातळ औषध बाटलीतून मिळायचं, आणि डोस कळावेत म्हणून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची. एका पेशंटची बाटली परत आली की काकू ती गरम पाण्यात टाकायच्या, पट्टी खरवडायच्या आणि पुढच्यासाठी पालथी घालून ठेवायच्या. दवाखाना कधीच बंद झाला, हात मात्र तेच काम करत राहिले. कुठलीही बरणी घरात आली की आधी तिचं लेबल जायचं. भिजवून, मग तेलाचं बोट फिरवून, मग राखेने घासून. चिकटपणाचा ठिपकासुद्धा चालत नसे. एका बरणीवरचं फुलांचं चित्र शालिनीला आवडलं होतं. तेवढं राहू द्या, असं ती म्हणाली, तर काकूंनी मान हलवली.

"आदल्याचं दुखणं पुढच्याच्या पोटात जायला नगं, बाई."

त्यांच्या खिडकीत अशा तीस-चाळीस बरण्या असतील. सहा बाजूंच्या, बुटक्या, कमरेत बारीक, अंगावर द्राक्षांचे घोस उठवलेल्या. सकाळी ऊन आलं की समोरच्या भिंतीवर त्यांचे हिरवट-पिवळे डाग हलायचे. लेबलं जायची, पण झाकणं तीच राहायची, आणि त्यातून एकदा घोटाळा झाला. जावई मुक्कामाला आले होते. सकाळी लवकर उठून, सासूला कशाला त्रास म्हणून, त्यांनी स्वतःच दूध तापवलं आणि झाकणावर कॉफीचं नाव वाचून दोन चमचे दुधात ढवळले. आत येसूर होता, आमटीत घालायचा आमच्याकडचा भाजक्या धान्याचा मसाला. बिचाऱ्यांनी पूर्ण कप संपवला. काकू ही गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावायच्या. "सासरचं म्हणून निमूट प्याले बगा. बिनफोडणीची आमटी!"

त्यांचा दुसरा नियम साऱ्या गल्लीला पाठ होता. "रिकामी न्हाय द्यायची." शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्यात जुनंच आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि बहुतेकांनी ते सोडलं. काकूंच्या बरण्यांमुळे ते आमच्या गल्लीत टिकून होतं. त्यांच्याकडून शेंगदाण्याची चटणी यायची, आमच्याकडून लिंबाचं लोणचं जायचं. कोणती बरणी मूळ कुणाची, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

शालिनी आपल्या फळीवरच्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी चिकटवायची. तिचं अक्षर सुरेख होतं. जवस, कारळं, मेतकूट. खाली कधी केलं तो महिना. काकू त्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवायच्या. "मला डोसाचं आकडं येत्यात, अक्षरं न्हाय. पर दिसायला ग्वाड हाय." ग्वाड असली तरी बरणी त्यांच्याकडे परत गेली की चिठ्ठीही इतर लेबलांसारखी घासून निघायची.

मग शालिनी आजारी पडली. बार्शीच्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या. आठ महिने गेले, आणि मग खेपाही थांबल्या.

ती गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. आवरायला म्हणजे तिथे काही दिसू नये म्हणून. लोणच्यावर बुरशी आली होती, चटण्या खवट झाल्या होत्या. सगळं ओतून दिलं आणि बरण्या न पाहता पोत्यात भरल्या. सकाळी घंटागाडी आली तेव्हा पोतं गाडीत टाकून आत आलो. थोड्या वेळाने बाहेर आवाज वाढले. काकू गाडीपाशी उभ्या राहून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होत्या आणि माझं पोतं खाली ओढत होत्या.

मला संताप आला. माझ्या दारातून आज जे बाहेर गेलं, त्यातही ही बाई काच निवडते आहे, असं वाटलं. मी पायरीवर जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "काकू, तुम्हाला काहीच टाकवत नाही का हो?"

त्यांनी पोतं छातीशी धरलं. "न्हाय टाकवत, सर," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

त्यानंतर त्यांच्याकडून बरणी आली नाही. मीही समोर पाहणं सोडलं.

पावसाळा संपता संपता एका जुन्या पुस्तकात मला खूण म्हणून घातलेली पावती सापडली. पाठीमागे काही लिहिलं असेल म्हणून उलटली. कोरी. तेव्हा मी तिचं अक्षर घरभर शोधायला लागलो. याद्या ती मोबाइलवर करायची, पत्रं आम्ही कधी लिहिलीच नव्हती. कपाट, देवघर, शिवणाची पेटी, सगळं पाहिलं. बँकेच्या कागदांवर सह्या होत्या, इंग्रजीत, घाईच्या. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठींवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोचा एक मराठी शब्द उरला नव्हता. जे होते ते मी घंटागाडीत टाकले होते.

काकूंच्या दाराशी गेलो तेव्हा त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मला बरण्यांचं विचारायचा धीर होईना. काकूंनी चिठ्ठ्या खरवडून टाकल्या असतील, हे मला ठाऊकच होतं. तरी विचारलं.

त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरचा पडदा सारला. तिथे नऊ बरण्या होत्या, घासून लख्ख केलेल्या आणि सगळ्या पाठमोऱ्या. चिठ्ठ्या भिंतीकडे वळवलेल्या होत्या. उन्हानं शाई उडते म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आतून धुतल्या होत्या, बाहेरून चिठ्ठीला पाणी लागू न देता ओल्या फडक्याने पुसल्या होत्या.

"ह्या न्हाय घासल्या," त्या म्हणाल्या. "ह्यात कुठं दुखणं हाय?"

मी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काहीतरी पुटपुटायला लागलो. त्यांनी एक बरणी माझ्या हातात दिली. "ते ऱ्हाऊ द्या. काय लिवलंय ते वाचा."

मी वाचलं. जवसाची चटणी, माघ.

सगळ्या आजच नेतो म्हणालो, तर त्या फळीला आडव्या आल्या. रिकाम्या कशा देणार? एकेक भरून देईन, म्हणाल्या. आठवड्याने जवसाची चटणी आली. पुढच्या महिन्यात मी जाऊन दुसरी चिठ्ठी वाचली, मग कारळ्याची आली. असं वर्षभर चाललं. मी वाचायचं, त्यांनी भरायचं. मेतकुटाला वेळ लागला, कारण शालिनी त्यात काय जास्त घालायची यावर आमचं एकमत होईना. "थोडी सुंठ जास्ती घालायची ती," त्या म्हणाल्या. सतरा वर्षं मी ते मेतकूट खाल्लं होतं आणि मला हे माहीत नव्हतं. चव घेतली तेव्हा पटलं.

आठ बरण्या अशा घरी आल्या. नववीचं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाल्या, तिला घाई न्हाय.

या उन्हाळ्यात काकू अंगणात पडल्या. चौथ्या दिवशी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची लेक घर आवरत होती. खिडकीतल्या बरण्या गल्लीतल्या बायकांनी वाटून नेल्या, प्रत्येकीने एकेक. मी दाराशी गेलो तशी लेकीने स्टूल घेतलं आणि पडद्यामागची नववी बरणी काढून दिली. द्राक्षांचे घोस असलेली. मी ती वळवली. अक्षर शालिनीचंच, पण शेवटच्या दिवसांतलं, ओळ खाली घसरलेली.

'काकूंची बरणी. भरून द्यायची.'

आजारपणात काकूंनी त्यातून काहीतरी पाठवलं असणार. तिला उठवत नव्हतं, म्हणून तिने माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं. मी ते वाचलं नाही. बरणी काकूंकडे परत गेली होती खरी, पण रिकामी, आणि कचऱ्याच्या गाडीतून.

"आईनं दिवाळीत माझ्याकडनं वाचून घेतली होती, काका," लेक म्हणाली. "ऐकून बरणी पदरानं पुसली. मग म्हणाली, ही मागं ठेव. ही मी न्हाय, सरांनी भरायची हाय."

मी घरी येऊन शेंगदाणे भाजायला घेतले. पहिली खेप करपली. दुसरी त्यातल्या त्यात बरी निघाली. लसूण, तिखट, मीठ घालून कुटलं. जिरं घालायचं की नाही ते आठवेना, म्हणून थोडं घातलं. चटणी गार होईपर्यंत थांबलो, मग बरणी गळ्यापर्यंत भरली आणि समोर गेलो. दाराला कुलूप होतं. लेक दुपारच्या कुर्डुवाडीच्या गाडीने गेली होती.

पायरीवर उभं राहून मी बरणी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. भरलेली असल्यामुळे आरपार काही दिसलं नाही. नखाने टिचकी मारली. आवाज आला नाही.

मग तिला घरी आणलं आणि फळीवर आठ बरण्यांच्या शेजारी ठेवलं. चिठ्ठी भिंतीकडे केली.